घरच्या गॅरेजसाठी हँड टूल्स कशी निवडावीत? पान्याचं माप, पोलाद आणि त्यावरच्या खुणा

कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात ‘गॅरेज’ म्हणजे घराला लागून असलेलं टिनाचं शेड. त्यात एक स्प्लेंडर, बॅटरीचा फवारणी पंप, दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली पाण्याची मोटर आणि कोपऱ्यात एक लोखंडी पेटी. पूर्वी त्या पेटीत दोन पाने, एक पक्कड आणि दांडा हललेली हातोडी एवढंच असायचं. आता आमच्या वयाच्या पोरांना हँड टूल्सचा चांगलाच नाद लागला आहे. कुणी कारंज्याहून पान्यांचा सेट आणतो, कुणी ऑनलाइन ४६ नगांचा गोटी सेट मागवतो. दिवाळीला पुण्या-नागपूरहून सगळे घरी जमले की नवी खरेदी बाहेर निघते आणि पहिला प्रश्न असतो, “काय बे, कितीचा पडला?”

किंमत विचारायलाच पाहिजे. पण डब्यातले नग आणि वरची चकाकी पाहून टूल कामाचं आहे की नाही हे कळत नाही. पान्याचं खरं काम नट फिरवणं एवढंच नसून नट खराब न करता फिरवणं हे आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मळणी यंत्राचा एक नट गोल झाला की पन्नास रुपये वाचवलेला पाना अख्खा दिवस खातो. वेल्डिंगवाल्याला बोलवा, नट कापा, नवा बोल्ट शोधा, आणि तोवर आभाळाकडे पाहत बसा. म्हणून या लेखात आपण टूल ओळखायचं कसं ते पाहू: त्यावरच्या आकड्याचा अर्थ काय, ते नटाला कुठे धरतं, पोलाद कसलं आहे आणि आपल्या घरच्या यंत्रांना नेमकं काय लागतं.

पान्यावरचा आकडा नेमका कशाचा?

पान्यावर १३ लिहिलेलं असतं तेव्हा ते बोल्टच्या जाडीचं माप नसतं. षटकोनी डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर म्हणजे ते १३ मिलिमीटर. बोल्टचं स्वतःचं माप आट्यांवरून ठरतं आणि ते एम-६, एम-८, एम-१० असं लिहितात. एम-८ म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास ८ मिमी.

इथपर्यंत सोपं आहे. गोंधळ पुढे होतो, कारण एकाच एम-८ बोल्टचं डोकं सगळीकडे सारखं नसतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या एम-८ बोल्टला १३ चा पाना लागतो. तोच एम-८ जपानी पद्धतीच्या मोटरसायकलवर असेल तर बहुतेक वेळा १२ चा लागतो. एम-१० ला दुकानातल्या जुन्या जर्मन मानकाच्या बोल्टवर १७, नव्या आयएसओ मानकाच्या बोल्टवर १६ आणि जपानी गाडीवर १४. एम-१२ ला याच क्रमाने १९, १८ आणि १७. फक्त एम-६ या भांडणात पडत नाही, त्याला बहुतेक ठिकाणी १० चाच लागतो. (म्हणूनच प्रत्येक पेटीतून सगळ्यात आधी हरवतो तो १० चा पाना, असं जगभरचे मेकॅनिक गमतीने म्हणतात.)

आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत जपानी मापं एवढी का दिसतात, याचं कारण १९८४ मध्ये आहे. त्या वर्षी हिरो आणि होंडा एकत्र आले आणि १९८५ मध्ये सीडी १०० बाजारात आली. पुढे स्प्लेंडर, पॅशन अशा गाड्या घरोघरी पोहोचल्या. २०११ मध्ये कंपनीचं नाव हिरो मोटोकॉर्प झालं, तरी डोक्यांची मापं तीच राहिली. त्यामुळे अशा गाडीवर काम करायचं तर ८, १०, १२, १४, १७ आणि १९ हे आकडे हाताशी हवेत. इंजिनखालचा ऑइल सोडायचा बोल्ट १७ चा असतो, आणि तो ॲल्युमिनियमच्या केसमध्ये बसलेला असतो. पोलादी बोल्टपुढे ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात. तिथे ढिला पाना लावून झटका दिला तर बोल्टचं डोकं जातं, आणि जोर लावून जास्त कसला तर इंजिनचे आटे जातात. दुसरा खर्च पहिल्यापेक्षा बराच मोठा असतो.

मग एखाद्या दिवशी गाडीचा हरवलेला बोल्ट आपण हार्डवेअरमधून आणतो. आटे बरोबर बसतात, पण काल चाललेला १२ चा पाना आज चालत नाही. “पाना बसूनच नाही राह्यला” म्हणून पान्याला शिव्या बसतात. पान्याचा काही दोष नसतो, बोल्ट दुसऱ्या मानकाचा असतो. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी तीच आहे, व्हर्जन वेगळं आहे.

आपल्याकडच्या पान्यांच्या नेहमीच्या आठ नगांच्या सेटमध्ये ६×७, ८×९, १०×११, १२×१३, १४×१५, १६×१७, १८×१९ आणि २०×२२ एवढी मापं येतात. वर सांगितलेल्या सगळ्या घराण्यांचे आकडे यात आले. एवढा एक सेट चांगला घेतला तर मोटरसायकल, फवारणी पंप आणि घरातली बरीचशी यंत्रं यांचं काम भागतं. पहिली खरेदी हीच असावी असं माझं मत आहे.

सूत, इंच आणि जुना ट्रॅक्टर

दुकानात कधी कधी मिमी ऐवजी सुताचा हिशेब चालतो. एक इंच म्हणजे आठ सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण इंच. सळई, नळीचे फिटिंग, ड्रिलचे बिट यांच्या बाबतीत हा हिशेब अजून जिवंत आहे आणि तो समजून घेतलेला बरा.

इंची नटांची खरी गाठ पडते ती जुन्या ट्रॅक्टरवर. आपल्याकडे ट्रॅक्टर बनू लागले ते १९६० च्या दशकात परदेशी कंपन्यांच्या डिझाइनवर. टॅफेने मॅसी फर्ग्युसनबरोबर सुरुवात केली आणि महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर. ती डिझाइनं इंचातली होती, म्हणून त्या घराण्यातल्या जुन्या ट्रॅक्टरांवर इंची मापाचे नट सापडतात. अशा नटावर मिमीचा पाना चालवायचा मोह होतो. कुठे चालेल आणि कुठे नाही, हे गणितानेच पाहू.

पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, तिथे १९ चा पाना बिनधास्त चालतो. ५/८ इंच म्हणजे १५.८८ मिमी, १६ चा चालून जातो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, तिथे १३ चा पाना बसतो खरा पण ०.३ मिमीची फट राहते आणि घट्ट नट असेल तर कोपरे झिजतात. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिमी, १४ चा चढत नाही आणि १५ चा गोल फिरतो. ट्रॅक्टर घरचाच असेल तर इंची पान्यांचा छोटा सेट वेगळा घ्यावा. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी घेऊ नये, तो मागून न्यायला येईल.

पाना नटाला कुठे धरतो?

माप बरोबर असूनही नट गोल होतो, कारण प्रत्येक प्रकारचा पाना नटाला वेगळ्या ठिकाणी धरतो.

साधा दोन तोंडी फिक्स पाना नटाच्या दोनच बाजूंना टेकतो. सगळा जोर दोन कोपऱ्यांवर येतो, आणि जास्त जोर लावला की जबडा किंचित फाकतो. रिंग पाना आणि गोटी नटाला चहूबाजूंनी वेढतात, जोर सगळ्या कोपऱ्यांत वाटला जातो. म्हणून मेकॅनिकची जुनी सवय आहे: नट हलवायचा रिंगने किंवा गोटीने, आणि सैल झाल्यावर भरभर काढायचा फिक्स पान्याने. एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला फिक्स असलेला कॉम्बिनेशन पाना त्यासाठीच असतो.

फिक्स पान्याचं तोंड दांड्याशी सरळ नसतं, ते १५ अंश तिरकं असतं हे पाहिलंत का? ती बनवणाऱ्याची चूक नव्हे. षटकोनी नटावर पाना पुन्हा बसवायला ६० अंश फिरवावं लागतं. अडचणीच्या जागी एवढी जागा नसते. तोंड तिरकं असल्यामुळे प्रत्येक वेळी पाना उलटा करून लावला की ३० अंशांच्या फिरवण्यात काम होतं. इंजिनच्या कडेला हात कसाबसा शिरतो तिथे ही युक्ती वापरून पाहा.

रिंग आणि गोटीत सहा कोनी आणि बारा कोनी असे दोन प्रकार येतात. बारा कोनी दर ३० अंशांवर बसते, म्हणून पटकन लागते. सहा कोनी मात्र कोपऱ्यापासून थोडी दूर, सपाट बाजूवर जोर देते. गंजलेल्या, आधीच थोड्या झिजलेल्या नटाला सहा कोनीच लावावी. गावातल्या वापरात, जिथे नट वर्षानुवर्षं धूळ, खत आणि पावसाचं पाणी खातात, तिथे सहा कोनी गोटी घेणं जास्त शहाणपणाचं.

आता पान्याच्या लांबीबद्दल. १० चा पाना आखूड आणि १९ चा लांब का असतो? कारण फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, हा हाताचा जोर गुणिले लांबी असतो. हाताने साधारण २० किलोचा जोर म्हणजे अंदाजे २०० न्यूटन. हात नटापासून १२ सेंमीवर असेल तर टॉर्क होतो २४ न्यूटन-मीटर, आणि तोच हात २५ सेंमीवर असेल तर ५० न्यूटन-मीटर. लहान बोल्टला कमी टॉर्क सोसतो म्हणून त्याचा पाना मुद्दाम आखूड ठेवलेला असतो. थोडक्यात, लांबी हीच त्या पान्यात बसवलेली मर्यादा आहे. पान्याच्या टोकाला पाइप घालून जोर वाढवला की आपण ती मर्यादाच काढून टाकतो. मग एकतर बोल्ट तुटतो, नाहीतर पाना सटकून बोटांची सालटी निघतात. नट हलत नसेल तर आधी गंज सोडवणारं तेल मारावं, ते मुरू द्यावं, नटावर हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि मग सहा कोनी गोटी लावावी. पाना नेहमी आपल्याकडे ओढावा. ढकलायचाच असेल तर उघड्या तळहाताने, म्हणजे सटकला तरी बोटं सलामत राहतात.

आणखी एक. नट सुटत नसेल तर तो उलट्या आट्यांचा नाही ना, हे आधी पाहा. सायकलचं डावं पेडल आणि टेबल फॅनच्या पात्यासमोरचा नट ही रोजची उदाहरणं. तिथे नेहमीच्या दिशेने जोर लावत राहिलात तर आपण तो घट्टच करत असतो.

४६ नगांचा गोटी सेट घ्यावा का?

सध्या सगळ्यात जास्त दिसणारी खरेदी हीच आहे. प्लॅस्टिकच्या पेटीत १/४ इंची रॅचेट, ४ ते १४ मिमीच्या गोट्या, स्क्रूचे आणि एलनचे बिट, एक-दोन एक्स्टेन्शन. फोटोत फार भारी दिसतो.

यात पाहायचा आकडा ४६ नाही, १/४ आहे. गोटीच्या मागे जे चौकोनी भोक असतं त्याचं ते माप. गोट्या मिमीच्या असल्या तरी ड्राइव्ह सगळीकडे इंचातच मोजतात: १/४ म्हणजे ६.३५ मिमी, ३/८ म्हणजे सुमारे ९.५ मिमी, १/२ म्हणजे १२.७ मिमी. सव्वासहा मिमीच्या चौकोनातून चाकाच्या ॲक्सलचा नट सोडवायचा म्हणजे टूलवर अन्याय आहे. चौकोन पिळला जातो किंवा रॅचेटच्या आतले दात तुटतात. साइड कव्हर, बॅटरीचं टर्मिनल, हेडलाइट, फवारणी पंपाचं झाकण, मिक्सर यांच्यासाठी मात्र हा सेट उत्तम. म्हणजे हा सेट वाईट नाही, त्याला दिलेलं काम चुकीचं असतं.

मोटरसायकलसाठी ३/८ चा ड्राइव्ह सगळ्यात सोयीचा, आणि कार किंवा ट्रॅक्टर असेल तर १/२. अर्धा इंची सेट घ्यायचा असेल तर पेटी भरलेली पाहण्यापेक्षा १०, १२, १३, १४, १७, १९, २२ आणि २४ या गोट्या, एक एक्स्टेन्शन आणि एक लांब टी किंवा एल दांडा सुटा घेतला तरी चालतो. सुटे नग घेण्यात कमीपणा नाही, दुकानदारही देतात.

रॅचेट हातात घेतलीत तर दात मोजायची गरज नाही, सावकाश फिरवून कट-कट आवाज ऐका. २४ दातांची रॅचेट दर १५ अंशांवर पकडते आणि ७२ दातांची दर ५ अंशांवर. अडचणीच्या जागी बारीक दात कामाला येतात. पण घट्ट नट पहिल्यांदा सोडवताना रॅचेट वापरूच नये, साधा दांडा लावावा. स्वस्त रॅचेट मरते ती याच क्षणी.

पोलाद : ‘क्रोम व्हॅनेडियम’ लिहिलं म्हणजे झालं का?

चांगले पाने क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे असतात. या पोलादात साधारण अर्धा टक्का कार्बन, एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि अगदी थोडं व्हॅनेडियम असतं. पण नुसतं पोलाद पुरत नाही, ते तापवून, थंड करून आणि पुन्हा थोडं तापवून कडकपणा ठरवावा लागतो. फार कडक केलं तर पाना काचेसारखा तुटतो, मऊ राहिला तर जबडा फाकतो. पान्याचा कडकपणा रॉकवेल सी मापावर ४० ते ५० च्या दरम्यान ठेवतात. नेहमीचा ८.८ ग्रेडचा बोल्ट त्यापेक्षा मऊ असतो, म्हणून पाना टिकतो. कानशीचा कडकपणा ६० च्या पुढे असतो, म्हणून कानस पोलाद घासते आणि हातोडीने मारली तर तुकडे उडतात. जुनी कानस छिन्नी किंवा टॉमी म्हणून वापरू नका, तो तुकडा डोळ्यात जातो.

पान्यावर कोरलेले ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. कोणीही कोरू शकतो. त्यापेक्षा बनवणाऱ्याचं नाव, माप आणि भारतीय मानकाचा क्रमांक पाहावा. फिक्स पान्यांसाठी आयएस २०२८, रिंग पान्यांसाठी आयएस २०२९, पकडीसाठी आयएस ३६५० आणि पोलादी हातोडीसाठी आयएस ८४१ अशी मानकं आहेत. हातात घेऊन पाहायच्याही दोन-तीन गोष्टी आहेत. जबड्याच्या आतल्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर आणि गुळगुळीत हव्यात. क्रोमचा थर कुठे फुगलेला किंवा सुटलेला नको, कारण तो पापुद्रा ब्लेडसारखा कापतो. डिजिटल व्हर्निअर असेल तर जबडा मोजा: १३ च्या पान्याचा जबडा १३ पेक्षा किंचितच मोठा, १३.१ ते १३.२ च्या आसपास हवा. साडेतेराच्या जवळ गेला तर तो पाना दुकानातच ठेवा.

ब्रँडबद्दल बोलायचं तर आपल्याला लांब जायची गरज नाही. टापरिया टूल्सचा कारखाना नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आहे, आणि १९६९ पासून, स्वीडनमधल्या एका कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने सुरू होऊन, त्यांनी हँड टूल्स बनवायला घेतली. आज खेड्यातल्या मेकॅनिकच्या पेटीत हे नाव नाही असं क्वचितच होतं. याशिवाय पंजाबातले जालंधर आणि लुधियाना आणि राजस्थानातलं नागौर ही हँड टूल्सची मोठी केंद्रं आहेत. तिथून चांगला मालही येतो आणि साधाही, त्यामुळे गावावरून नव्हे तर खुणांवरून निवडावं. नामांकित ब्रँडच्या नकलाही बाजारात फिरतात. अक्षरं पुसट किंवा वाकडी, मॉडेल क्रमांक नाही, वेष्टनावर किंमत आणि उत्पादकाचा पत्ता नाही आणि दुकानदार बिल द्यायला का-कू करतो, अशा वेळी स्वस्ताईचा मोह टाळा.

बोल्ट विकत घेतानाही हीच नजर ठेवा. डोक्यावर ८.८ लिहिलेला बोल्ट तुटायला दर चौरस मिमीला सुमारे ८०० न्यूटन ताण लागतो, १०.९ ला सुमारे १०००. डोक्यावर काहीच नसलेला बोल्ट यापेक्षा बराच कच्चा समजावा. मळणी यंत्राच्या फिरत्या भागावर तो लावू नये.

सगळे ‘प्लस’ सारखे नसतात

स्क्रूड्रायव्हर म्हटलं की आपण प्लस आणि मायनस एवढेच दोन प्रकार मानतो. प्रत्यक्षात प्लसचे तीन सख्खे शेजारी आहेत. पहिला फिलिप्स, ज्याचं अमेरिकन पेटंट १९३६ चं. दुसरा पोझिड्राइव्ह, ज्याच्या डोक्यावर मुख्य प्लसच्या मध्ये चार बारीक रेषा असतात आणि जो तयार फर्निचरच्या स्क्रूंवर हमखास दिसतो. तिसरा जपानी जेआयएस, जो जपानी पद्धतीच्या गाड्यांवर आणि यंत्रांवर असतो. त्याच्या डोक्यावर अनेकदा एक बारीक ठिपका असतो.

फिलिप्सचं टोक जेआयएस स्क्रूत पूर्ण बसत नाही. ते खाली टेकतं, पण बाजू भरत नाहीत. मग दाबून फिरवलं की टोक वर उचकतं आणि प्लसचा खड्डा गोल होतो. कार्ब्युरेटरचे आणि इंजिन कव्हरचे स्क्रू ‘सडके’ निघतात असं आपण म्हणतो, त्यातले बरेच असे मेलेले असतात. यावर साधा इलाज म्हणजे योग्य टोकाचा ड्रायव्हर. तो मिळाला नाही तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर: वरून ठोका बसला की तो टोक स्क्रूत दाबून धरतो आणि त्याच क्षणी थोडा फिरवतो. जुन्या मोटरसायकलवर काम करणाऱ्याने ही एक वस्तू घ्यावीच.

एलन कीच्या बाबतीत आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. गोल डोक्याच्या एलन बोल्टमध्ये एम-५ ला ४, एम-६ ला ५, एम-८ ला ६ आणि एम-१० ला ८ ची की लागते. टोक झिजून गोल झालं असेल तर तेवढं ग्राइंडरवर सपाट कापून की पुन्हा नवी करता येते, फक्त कापताना ती तापून निळी पडू देऊ नका.

पक्कड आणि वीज

या भागात मी थोडा कडक आहे. पकडीच्या मुठीवर लाल किंवा पिवळं प्लॅस्टिक आहे म्हणजे ती विजेसाठी सुरक्षित आहे, हा समज जिवावर बेततो. साधं बुडवून चढवलेलं आवरण हे पकड नीट बसावी म्हणून असतं. विजेच्या कामाची पक्कड वेगळी येते. तिच्यावर १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, दोन त्रिकोणांची खूण असते आणि आयईसी ६०९०० या मानकाचा क्रमांक असतो. या मानकानुसार प्रत्येक नग १०,००० व्होल्टला तपासलेला असतो. आवरणाला चीर पडली की तीही बाद.

शेतातल्या मोटरला तीन फेजची, सुमारे ४१५ व्होल्टची लाइन असते. रात्री लाइट आली की अंधारात, ओल्या जमिनीवर उभं राहून स्टार्टर उघडायची सवय आपल्याकडे आहे. चांगली पक्कड असली तरी मेन स्विच पाडून, टेस्टरने तिन्ही फेज तपासून मगच हात घालावा. टेस्टर आधी चालू लाइनवर पेटतो का ते पाहून घ्यावं, कारण बिघडलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असंच सांगतो.

पक्कड नट सोडवायला वापरू नये, हे वेगळं सांगायला नको. तरी प्रत्येक घरात तिचं मुख्य काम तेच असतं. स्क्रू पान्याचंही तसंच. तो अडीअडचणीला आहे. वापरलाच तर जबडा नटावर घट्ट आवळून, आणि जोर सरकत्या जबड्यावर न येता पक्क्या जबड्यावर येईल अशा दिशेने फिरवावा.

कापायचं आणि घासायचं

लोखंड कापायच्या हॅक्सॉचं ब्लेड १२ इंची असतं आणि त्यावर इंचाला १८, २४ किंवा ३२ दात असतात. एका वेळी निदान तीन दात मालावर असले पाहिजेत, एवढा एक नियम पुरतो. जाड पट्टीला १८, साधारण अँगलला २४, पातळ नळीला ३२. दातांची टोकं पुढे, म्हणजे ढकलताना कापलं जाईल अशी बसवावीत. कानशीला लाकडी मूठ असल्याशिवाय हात लावू नका, तिचं टोकदार शेपूट तळहातात शिरतं. तिला तेलही लावू नये, दातांत कीस अडकून बसतो.

लाकूडकामाची हत्यारं हा वेगळा लेख होईल. गावात अजून एखादा जुना सुतार असेल तर त्याच्याकडचा रंधा, पटाशी आणि वाकस एकदा हातात घेऊन पाहा. पटाशीची धार कशी लावायची हे तो पाच मिनिटांत जे दाखवेल ते व्हिडिओत सापडत नाही.

पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत?

नटाला भिडणारं टूल चांगलं घ्या: रिंग पाने, रोजच्या गोट्या, स्क्रूड्रायव्हरची टोकं, विजेची पक्कड. टेप, तेलाचा डबा, ब्रश, पेटी, हातोडी यांत स्वस्तातलं चालतं, फक्त हातोडीचा दांडा पाचरीने घट्ट बसलेला हवा. टॉर्क पाना पहिल्या वर्षी लागत नाही. इंजिन उघडायला लागलात की लागतो. तो घेतलात तर काम झाल्यावर स्प्रिंग सैल करून, सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आणि त्याने नट सोडवू नका.

ऑनलाइन की दुकानात? माझं उत्तर सरळ आहे: पाने दुकानात जाऊन, कारण जबडा पाहता येतो आणि सुटा नग बदलून मिळतो. जेआयएस ड्रायव्हर, आयईसी खुणेची पक्कड, मोबाइल-लॅपटॉपचे बारीक टॉर्क्स बिट यांसारखी टूल्स तालुक्याला सहज मिळत नाहीत, ती ऑनलाइन. खरेदीच्या आधी एक काम मात्र करा. गाडी, पंप, मोटर आणि घरातला पंखा यांच्यावरचे नट मोजून मोबाइलमध्ये यादी करा. बहुतेकांची यादी दहा-बारा आकड्यांत संपते आणि मग शंभर नगांच्या पेटीकडे नजर जात नाही.

पावसाळ्यात टिनाच्या शेडमध्ये टूल्स गंजतात. मातीचं वा खताचं पोतं पेटीजवळ ठेवू नका, खताची ओल क्रोमसुद्धा खाते. काम झाल्यावर कोरड्या कपड्याने पुसा, इंजिन ऑइलचा हलका हात फिरवा आणि सिलिका जेलच्या पुड्या पेटीत टाका. उसनं मागायला येणाऱ्यांसाठी प्रत्येक पान्यावर एकाच रंगाची एक पट्टी ऑइल पेंटने मारून ठेवा, आणि पेटीत प्रत्येक नगाची जागा ठरवा. १० ची जागा रिकामी दिसली की कुणाच्या घरी फोन करायचा हे लगेच आठवतं.